मानेला लागलेलं तेल

मी ष्टँड बोलून राहिलो. एस्टीचा न्हाई, कॅमेऱ्याचा. तीन पायाचा, लोखंडी. ष्टँड म्हणलं की आमच्याकडच्या लोकांला बसचीच याद येती, म्हणून आधीच सांगितलं. आता मधी बोलू नका.

माझा जन्म अर्धापूरचा. तिथं रस्त्याच्या कडंला पंचाक्षरी नावाचा वेल्डर व्हता. गावोगाव बोअरला मोटारी बसल्या आन हापशाला कुत्रं इचारीना, तवा मोडके हापसे त्याच्या दुकानापुढं येऊन पडायचे. त्यातल्या तीन हापशांचे दांडे कापून त्यानं माझे पाय केले. ज्या दांड्यावर अख्ख्या गावानं हात मारला तो दांडा सहजासहजी वाकत नसतो. वर मान बसवली. मानंत एक जाडजूड बोल्ट, त्याच्यावर कॅमेरा ठेवायची पाटी. बोल्ट सैल केला की मान खाली-वर व्हायची, आवळला की जागच्या जागी.

मला करून घेतलं ते उदगीरच्या धोंडप्पानं. लग्नाची शूटिंग करायचा. बाजारातले ष्टँड वरातीत मोडून मोडून तो बेजार झाला व्हता. पंचाक्षरीला म्हणला, "असा कर की नवरदेव हालला तरी चालंल, ष्टँड हालू नये."

लई लग्नं बघितली मी. माणूस कॅमेरा दिसला की पोट आत घेतो. जेवताना कॅमेरा आला की घास तोंडात धरून बसतो, जसं काय पकडलं चोरी करताना. आन बाया? "माझं नको घेऊ रे बाबा" म्हणून पदर वढून बाजूला सरकतेत, मग सीडी आली की आपण कुठं दिसतो ते हुडकत बसतेत. सरकून गेल्यावर दिसताल कशा?

एका लग्नात नवरदेवाच्या मामानं शरबताचा जग माझ्या मानंवर सांडला. धोंडप्पानं कॅमेरा पुसला, मला न्हाई पुसलं. गुळचट पाणी बोल्टात शिरलं ते शिरलंच. वर पावसाळ्याची ओल. मान आखडली. जरा खाली वाकून, समोर बघत. धोंडप्पानं दोन्ही हातानं जोर लावला, शिव्या दिल्या, माझ्या पायावर लाथ मारली आन स्वतःच लंगडत घरात गेला.

तवर हातात धरून फिरवायचे हलके ष्टँड आले, आभाळात उडणारे कॅमेरे आले. मला पडवीत टाकलं. माझ्यावर वले टॉवेल वाळू लागले. ज्यानं नवऱ्या-नवरदेवाची तोंडं बघितली त्यानं आता धोंडप्पाच्या चड्ड्या बघायच्या. राग येत न्हाई व्हय माणसाला? मी माणूस न्हाई ते सोडा.

असं सडत पडलेलो असताना एक दिवशी राजश्री आली.

शाळेत चित्रकला शिकवणारी पोरगी. संगं तिची मैतरीण पुनम, त्याच शाळेत खेळाची बाई. राजश्रीचा बाप अण्णाराव, तिचा अप्पा. उदगीरात मोटार वाइंडिंगचं दुकान म्हणलं की त्याचंच नाव निघायचं. जळालेली मोटार उकलायची, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची आन चालू करून द्यायची, ह्यात त्याची जिंदगी गेली.

राजश्री म्हणली, "धोंडप्पा काका, मायचं एखादं शूटिंग हाय का तुमच्याकडं? आमच्या सगळ्या लग्नांला तुम्हीच व्हता."

माय म्हणजे तारामती. वारली व्हती. धोंडप्पानं जुन्या सीड्या काढल्या, खटपट केली. सापडलं ते एक कोपर, हातभर बांगड्या आन जिलेबीचं ताट. तारामती कॅमेरा दिसला की सरकणाऱ्यातली.

"कशाला लागलं गं पोरी आता?" धोंडप्पा म्हणला.

पुनमनं सांगितलं. अण्णारावला काचबिंदू झालेला. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं व्हतं, लई उशीर केलात, कडंचं गेलं हाय, मधलंबी दिवाळीपर्यंत राहिलं तर राहिलं. अण्णारावला आत्ताच नळीतून बघितल्यावानी दिसायचं. ताटातली भाकर दिसायची तर बाजूची चटणी दिसायची न्हाई.

राजश्री माझ्याकडंच बघत व्हती पण बोलत धोंडप्पाशी व्हती. "अप्पा परवा हसत हसत म्हणले, तुझी माय रोज दुपारी दुकानाच्या दारात च्या घेऊन यायची. माझं तोंड मोटारीत. मी नुसता मागं हात करायचो आन कप घ्यायचो. एवढ्या वर्षांत वळून बघितलं न्हाई मी ती कशी येती ते. डोळे जायच्या आधी एकदा बघायला पायजे व्हतं."

धोंडप्पा सीड्या परत डब्यात भरू लागला.

"म्हणून मी मायला चालवणार हाय," राजश्री म्हणली.

"मेलेल्या माणसाला चालवणार?"

"बाहुली करून. एक फोटो काढायचा, बाहुलीचा पाय तिळाएवढा सरकवायचा, पुन्हा फोटो. असे ढिगानं फोटो पळवले की बाहुली चालती. शाळंत पोरांला मातीची गोगलगाय करून दाखवली मी तशी."

"त्याला काय लागतं?"

पुनम हसली. "काय लागतं ते बघायलाच नांदेडला गेलो व्हतो काका. लई बेइज्जती झाली. ही प्रत्येक ष्टँडवर बोट दाबून बघायची. दुकानदार म्हणला, ताई, पपई न्हाई ती दाबून बघायला."

"सगळे हालत व्हते," राजश्री म्हणली. "बोट लावलं की हालते. फोटोत एवढुसं हाललं तरी अख्खं घर उडी मारतं."

धोंडप्पानं आपला जुना कॅमेरा पुढं केला. राजश्रीनं फिरवून बघितला आन परत दिला. म्हणली, हा आपल्या मनानं उजेड कमी-जास्ती करतो, ते नको. मोबाइलच बरा, त्याला दटावून एका जागी बसवता येतं. फोटो काढायला मोबाइलला हात लावायचा न्हाई, इअरफोनचं बटण दाबलं की फोटो निघतो. उजेडाला दोन पिवळे बल्ब. पांढऱ्या बल्बाचं फडफडणं डोळ्याला दिसत न्हाई, फोटोत दिसतं.

"सगळं जमलं," ती म्हणली. "न हालणारा ष्टँड तेवढा राहिला."

मग ती उठली. माझ्यावरचा टॉवेल काढला. मानंला बोट लावलं. दाबलं. मग तळहातानं दाबलं. मग लोंबकाळली.

"अगं, ती मान जाम झाली हाय," धोंडप्पा म्हणला. "फिरत न्हाई. भंगारात द्यायचा हाय तो."

राजश्रीनं पाण्यानं भरलेला तांब्या माझ्या पाटीवर ठेवला. "पुनम, नाच."

पुनम खेळाची बाई. माझ्या बाजूला अशी धपाधपा नाचली की पडवीचा पत्रा वाजला. तांब्यातल्या पाण्याला सुरकुती पडली न्हाई.

राजश्रीनं तोंडावर हात ठेवला. म्हणली, "मला हाच पायजे. जाम झालेलाच पायजे."

एवढ्या वर्षांत माझ्या आखडलेल्या मानंचं कौतुक करणारं ते पहिलं माणूस. मी तवाच ठरवलं, हिच्यासाठी पाय मोडंपर्यंत उभं राहायचं.

मला रिक्षात घालून घरी आणलं. अण्णारावच्या बंद पडलेल्या दुकानामागं एक खोली व्हती. तिथं टेबल, टेबलावर पुठ्ठ्याचं घर. चूल, मोरी, दुकानाचं दार, दाराला उंबरा. उंबऱ्याच्या अलीकडं पाठमोरा बसलेला एक बुटका मातीचा अण्णाराव, मोटारीत तोंड खुपसलेला, हात मागं केलेला. मी त्या घराच्या पुढ्यात उभा राहिलो. आखडलेली मान जेवढी वाकली व्हती तेवढीच बरोबर त्या घरात बघत व्हती. नशीब बघा. मामाच्या शरबतानं मला ह्याच कामासाठी वाकवलं व्हतं असं मला वाटलं.

मग तारामती. पहिली बाहुली तांब्याच्या तारंवर केली. अण्णारावनंच तार दिली, कशाला ते त्याला सांगितलं न्हाई. तांबं वाकवून वाकवून घोट्यात तुटलं. दुसरी ॲल्युमिनियमच्या पिळलेल्या तारंवर केली. कुंभाराची माती वाळून तडकली, मग मेणाची माती आणली. मायच्या जुन्या पातळाची चिंधी नेसवली. डावा हात गुडघ्यावर. तारामतीचा गुडघा दुखायचा म्हणं, उंबरा वलांडताना ती गुडघ्यावर हात ठेवायची. राजश्री स्वतः खोलीत तशी चालून बघायची, पुन्हा पुन्हा, आन मग बाहुलीचा पाय तिळाएवढा सरकवायची.

खिडक्यांला वाकळा टांगल्या. उन्हाचा कवडसाबी आत येऊ द्यायची न्हाई. रोज तोच काळा ड्रेस घालायची, कारण उजळ कपड्याचा उजेड बाहुलीच्या तोंडावर पडायचा.

पुनम म्हणायची, "लोक इचारून राहिले, राजश्रीच्या घरी कोण वारलं?"

"सांग, वारलेलं माणूस परत आणून राहिलीय म्हणून."

लाइट मंद झाली की काम बंद. ट्रक गेला की काम बंद. अण्णारावला बजावून ठेवलं व्हतं, "अप्पा, त्या खोलीत जाऊ नका, शाळंचं काम मांडलंय."

"हाव," अण्णाराव म्हणायचा. "मला काय दिसतंय तिथं."

मी हाललो न्हाई. माझ्या पायाला मुंग्या लागल्या, तरी हाललो न्हाई. राजश्री दिवस संपला की दिवसभराचे फोटो पळवून बघायची. तारामती चुलीपासून उठली. कप पदरानं धरला. मोरीपाशी आली. पदर सावरला. थेट जिती बाई. तिचं चालणं बघून राजश्री रडायची न्हाई, पुन्हा पळवून बघायची आन घोट्याकडं बोट करून म्हणायची, "हितं जरा घाई झाली."

अशी चालत चालत तारामती उंबऱ्यापाशी आली. एक हात गुडघ्यावर, एक पाय उचललेला. आता उंबरा वलांडायचा आन मागं केलेल्या हातात कप द्यायचा. एवढंच राहिलं व्हतं.

अशात खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी घरातलं हत्यार धुतेत, पुसतेत, हळद-कुंकू लावून पुजतेत. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्या पाया पडायचं. त्या दिवशी त्याच्याकडून काम घ्यायचं न्हाई. राजश्रीनं अण्णारावची हत्यारं आदल्या दिवशीच काढून ठेवली. पक्कड, हातोडी, पाने, तार गुंडाळायचं मशीन. सकाळी ती झेंडूची फुलं आणायला गेली.

अण्णारावनं पोतं हाथरलं. एकेक हत्यार चाचपून, पुसून मांडलं. मग बसल्या जागी मान वर केली. त्याला आठवलं असंल. पोरीनं एक लोखंडाचा ष्टँड आणलाय. पोरगी त्याच्यापुढं दिवस-दिवस उभी असती. म्हणजे ते पोरीचं हत्यार. खंडेनवमीला हत्यार उपाशी ठेवायचं न्हाई.

तो खोलीत आला. नळीतून बघितल्यावानी बघत. त्या नळीत मी व्हतो. टेबल न्हाई, घर न्हाई, तारामती न्हाई. फक्त मी.

"काय रे," मला म्हणला, "गंजून चालला की बिचाऱ्या."

मी बोंबललो. लोखंड बोंबललेलं कुणाला ऐकू जातं? त्यानं मोबाइल काढून खिशात ठेवला. मला दोन्ही हातानं कवळ घालून उचललं. त्याचं कोपर टेबलाला लागलं. घर सरकलं, उंबरा निघून पडला आन त्याच्यावर तारामती तोंडावर आपटली. अण्णारावला ते दिसलं न्हाई. त्याच्या नळीच्या बाहेर झालं ते.

अंगणात नेऊन धुतलं मला. पायाचे ठसे बसायला राजश्रीनं जमिनीवर खडूनं गोल केले व्हते, तेबी पुसले गेले, कारण त्यानं खोलीची फरशीबी पुसून घेतली, सणाचा दिवस म्हणून. मग त्याचा हात मानंला लागला. मान जाम.

आता बघा. ज्या माणसानं जिंदगीभर जाम झालेलं मोकळं केलं, त्याच्या हातात जाम झालेला मी. आधी रॉकेल सोडलं. मुरू दिलं. पाना लावला, हळूहळू, बोल्टाला गोंजारत. धोंडप्पाचा धसमुसळेपणा परवडला, ह्याचे हात शहाणे व्हते. माझा गंज कुरकुरला. मग त्यानं मशीनचं तेल सोडलं. थेंब थेंब. आन मान सुटली. लोण्यावानी.

"हां," अण्णाराव म्हणला. "मोकळा झाला गडी."

मानंला हळद-कुंकू लावलं. डोकं टेकवलं. माझ्या आयुष्यात माझ्या पाया कुणी पडलं नव्हतं. त्या पाया पडण्याला आग लागो.

राजश्री फुलं घेऊन आली. अंगणात मला बघितलं. मग खोलीत गेली. बाहेर आली तवा हातात तारामती व्हती, नाक चपटं झालेलं.

"राजी," अण्णाराव म्हणला, "तुझं हत्यार राहिलं व्हतं. मान जाम झालती त्याची. मोकळी केली बघ. आता कशीबी फिरव."

राजश्रीनं बाहुली पाठीमागं केली. "बरं केलं अप्पा," म्हणली. आन झेंडूची माळ माझ्या मानंत घातली.

दुपारी पुनम आली. खोलीत गेली आन चिडून बाहेर आली. "त्यांला सांग की."

"काय सांगू? तेल लावलं म्हणून?"

"सांगायला नको?"

"गप बस पुनम. जाणाऱ्या डोळ्यांनी अप्पांनी हे बघायचं का?"

राजश्रीनं पुन्हा मांडलं. मला घासून पुसून जागेवर उभं केलं. पण फोटोतलं घर जुन्या घराशी जुळंना, म्हणून चुलीपासून सगळं नव्यानं धरलं. बोल्ट आवळला. पंचाक्षरीचा बोल्ट, गंजानं खाल्लेला, तेलानं भिजलेला, पकड कुठली धरतो? मानंला तार गुंडाळली, लाकडाची पाचर ठोकली. मी जीव तोडून धरून राहिलो. तरी मान मुंगीच्या पावलानं खाली चालली व्हती. डोळ्याला दिसत नव्हती. राजश्रीलाबी न्हाई दिसली.

दिसली ती फोटो पळवल्यावर. तारामती चुलीपासून उठली, चालायला लागली आन जसजशी चालली तसतशी वर जाऊ लागली. मान माझी खाली झुकत व्हती, म्हणून फोटोतलं घर वर सरकत व्हतं. चूल, मोरी, कप, तारामती, समदं उचलून कुणी आभाळात नेऊन राहिल्यावानी. उंबरा यायच्या आधीच तिचं डोकं फोटोच्या बाहेर गेलं.

राजश्रीनं ते एकदाच बघितलं. मोबाइल उलटा ठेवला. तवा मात्र रडली, आवाज न करता, कारण बाप बाहेर बसला व्हता.

पुनमनं नांदेडहून नवा ष्टँड आणला, तिथल्यातला त्यातल्या त्यात बरा. त्याच्यावर तिसऱ्यांदा मांडलं. चुलीपासून मोरीपर्यंत झालं. तवर एका सकाळी अण्णारावनं कपाकडं हात केला आन हात कपाच्या बाजूनं गेला.

"राजी, लाइट गेली का?"

सकाळच्या उन्हात अंगण पांढरं पडलं व्हतं. "हाव अप्पा," राजश्री म्हणली, "गेली."

लातूरला नेलं. डॉक्टरनं जे सांगायचं ते सांगितलं.

नंतर कधीतरी राजश्री अण्णारावच्या बाजूला बसली. मी दारातच उभा व्हतो. खोलीतून मला बाहेर काढलं व्हतं. ती म्हणली, "अप्पा, एक सांगू का? मी मायला चालवलं व्हतं. बाहुली करून. तुम्हाला दाखवायला."

अण्णाराव म्हणला, "लाव."

"अप्पा, तुम्हाला..."

"लाव म्हणलं ना."

तिनं पहिलंच लावलं, तेल लागायच्या आधीचं. आवाज नव्हताच त्याला. अण्णारावनं मोबाइलकडं तोंडबी केलं न्हाई. दुकानात बसायचा तसा वाकून बसला, पाठमोरा.

"उठली का?"

"उठली. कप पदरात धरला."

"गुडघ्यावर हात हाय?"

"हाय."

"कुठवर आली?"

"मोरीपाशी. आता पदर सावरला. आता उंबऱ्यापाशी आली."

अण्णारावनं न वळता मागं हात केला. बोटं उघडी. कपाच्या कानाएवढी जागा ठेवून.

मोबाइलवरची तारामती पाय उचलून उंबऱ्यावर थांबली. तिथंच संपलं.

"थांबली का गं?" अण्णाराव म्हणला. "थांबायची ती जरा तिथं. येईल."

तो हात तसाच राहिला. लई वेळ. मी उभं राहण्यात आयुष्य घालवलं, पण तेवढं ताठ मला कधी उभं राहता आलं न्हाई.

आता मी अंगणात हाय. माझ्या मानंपासून लिंबापर्यंत तार बांधलीय, तिच्यावर कपडे वाळतेत. चड्ड्याच नशिबी. तो काळा ड्रेसबी असतो त्यात, राजश्री शाळंत घालून जाती. खोलीला कुलूप हाय. वाकळा काढल्या न्हाईत अजून.

यंदाच्या खंडेनवमीला अण्णाराव चाचपडत आला. राजश्रीनंच तेलाची बुधली त्याच्या हातात दिली. मानेपर्यंत त्याचा हात पोचला न्हाई, तेल माझ्या पायावर सांडलं. "चांगला हाय ना रे?" म्हणला. काय सांगू त्याला.

लोकहो, तुमच्या घरात काही थांबलेलं दिसलं तर ते बिघडलं असं समजू नका. हात लावायच्या आधी इचारा. आन कुणासाठी काही करत असाल तर त्याला सांगून करा, दडवून न्हाई. मी लोखंड, मला एवढं कळतं.

पावसानं मानेतलं तेल धुऊन गेलं. बोल्टात गंज धरला. परवा कपड्याच्या वज्यानं तार ताणली तरी मान हालली न्हाई. पुन्हा जाम झाली, पहिल्यावानी, तांब्यातल्या पाण्याला सुरकुती पडू न देणारी. जरा खाली वाकून, समोर बघत.

समोर अण्णाराव बसलेला असतो. पाठमोरा.